आत्यासाठी नायक सुधारताना

२ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून कामाला लागलो. म्हणजे उद्यापासून. आज ठरवलं.

आत्या दोन महिने आमच्याकडे आहे, डोळ्यांच्या उपचारांसाठी. परवा डॉक्टरांनी हात टेकले. माणसं धूसर दिसतील, दार-खिडकी कळेल, पण अक्षर आता नाही म्हणाले. आत्या म्हणाली, बरं. एवढंच. घरी येऊन तिने उशाखालची कादंबरी काढली आणि टेबलावर ठेवून दिली. मध्यात केसांची पिन खोचलेली होती.

अठ्ठावीस तारखेला आतेभाऊ तिला कायमचं घेऊन जाणार. तिकडे नातवंडांना आपली भाषा जेमतेम समजते, वाचायचं तर नावच नको. म्हणजे ही कादंबरी इथे असतानाच झाली तर झाली. आत्या कधी कुणाकडे काही मागत नाही. काल जेवताना म्हणाली, पुढे त्या माणसाचं काय होतं तेवढं कुणीतरी वाचून दाखवा रे.

ही लगेच म्हणाली, मी वाचते. मी थांबवलं. मोठ्याने वाचणं ही कला आहे, दाताच्या दवाखान्यात पुढचा नंबर पुकारण्याइतकं ते सोपं नाही, असं समजावलं. (ही तिथे रिसेप्शनला असते.) ही गप्प बसली. पटलं असणार.

माझा आवाज भारदस्त आहे. बस डेपोतल्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर इतकी वर्षं काढली, कधी माइक लागला नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही मी पहिल्याला काय बोललो ते कळतं.

निर्णय: नुसतं वाचून दाखवायचं नाही. अख्खी कादंबरी फोनवर रेकॉर्ड करायची, म्हणजे आत्याला बरोबर नेता येईल. आत्या म्हणाली, अरे बब्या, निम्मी झालीय माझी, पिनेपासून सुरू कर. मी म्हटलं, अर्धवट कामं माझ्या स्वभावात नाहीत. तेव्हा हिला ठसका लागला.

चौदा प्रकरणं. रोज एक. मग दुसरी कादंबरी. मग स्वतःचं चॅनेल. लोक कामावर जाताना ऐकतील.

३ सप्टेंबर, बुधवार

स्टुडिओ तयार. कपड्यांचं कपाट. स्वेटर आणि कोट आवाज शोषून घेतात असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. खालचा कप्पा रिकामा केला. त्यातलं सामान हिच्या टेबलावर रचून ठेवलं, हिच्या सोयीसाठी. उशी टाकून आत बसलो आणि दार ओढून घेतलं. गुडघे हनुवटीला लागतात. तोंडात टॉर्च धरून वाचता येत नाही हे प्रयोगाअंती कळलं.

इतर अडचणी: पोटातले आवाज. डांबरगोळ्या. शिंका. दर दोन वाक्यांनी ही बाहेरून विचारते, आत सगळं ठीक आहे ना.

झालेलं वाचन: दीड पान. पण काय दीड पान!

४ सप्टेंबर, गुरुवार

प्रकरण एक पूर्ण. कादंबरी विचित्र आहे. नायकाला नाव नाही, सगळे त्याला मालक म्हणतात. सकाळी उठतो तर घरातली खुर्ची निघून गेलेली असते. चोरीला नाही. आपल्या पायांनी. मालक शोधायला जात नाही. उलट टेबलाला दम देतो, तुलाही जायचं असेल तर जा, पण जाण्याआधी स्वतःला पुसून जा. मग बघावं तर एकेक वस्तू घर सोडून जायला लागते. ही म्हणते याला सर्रिअल म्हणतात, यात घडलेल्या गोष्टीचं कारण द्यावं लागत नाही. मी म्हटलं, मग आमच्या साहेबांचे सगळे निर्णय सर्रिअलच आहेत.

मालक हा माणूस मला अजिबात आवडलेला नाही. उद्धट. कुणाशी चार शब्द धड बोलत नाही.

ऑफिसात एक बाई काळी छत्री हरवली म्हणून आल्या. मी शांतपणे विचारलं, काळ्या छत्र्या इथे ढिगाने आहेत, तुमची छत्री तुम्हाला ओळखेल का? त्या काही न बोलता निघून गेल्या. काही माणसं फार भिडस्त असतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आत्याने पहिलं प्रकरण दुपारी ऐकलं. म्हणाली, आवाज बापावर गेलाय तुझा. मला धन्य वाटलं. अण्णांचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा.

दुसऱ्या प्रकरणात मात्र पेच आला. शेजारची म्हातारी मालकाचं दार वाजवते, जिना चढून दमलीय, घोटभर पाणी द्या म्हणते. त्यावर मालक म्हणतो, थेरडे, तहान लागते तर जिने चढतेस कशाला?

आता हे मी कसं म्हणू? पुस्तकात वाचणं निराळं. इथे मी कपाटात बसून माझ्याच आवाजात थेरडे म्हणणार, आणि ते ऐकणार माझी आत्या. लोकांना काय वाटेल? ज्याचा आवाज तोच माणूस, असंच धरून चालतात लोक. उद्या चॅनेलवर हजारो म्हाताऱ्या ऐकतील.

फार विचार केला आणि वाचलं: आजी, दमलात ना, बसा, पाणी आणतो.

शब्द बदलले. आशय तोच.

७ सप्टेंबर, रविवार

बरोबर निर्णय होता. एकदा हात बसला की सुधारणा आपोआप होतात. मालक पोस्टमनवर दार आपटतो तिथे मी दार हलकेच लावून घेतलं. नोकराचा पगार कापतो तिथे वाढवला. कुत्र्याला लाथ मारतो तिथे थोडा वेळ गेला, शेवटी कुत्र्याला कुरवाळलं. आता माणूस बरा वाटायला लागलाय. लेखकाला जे जमलं नाही ते मी कपाटात बसून करतोय, आणि फुकट.

कामाचा वेग मात्र कमी. तिसरं प्रकरण चालू. पण दर्जेदार काम घाईने होत नसतं.

पायांना मुंग्या आल्या. कपाटातून बाहेर येताना हिच्या टेबलावरच्या सामानाला धडकलो. कुठेही काहीही ठेवते.

९ सप्टेंबर, मंगळवार

नवीन भानगड. तिसऱ्या प्रकरणात जिना निघून जातो. पुस्तकात ठीक होतं, मालक रोज जिन्याला लाथा घालायचा, जिना वैतागला. आता माझा मालक तर चढताना जिन्याला नमस्कार करतो. मग जिना जाईल कशाला?

जिन्याला गुडघेदुखी दिली. हवापालटासाठी गेला.

चौथ्यात मालकाची सावली त्याला सोडते आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याची सावली म्हणून कामाला लागते. मी तिची बदली करून टाकली. आमच्या खात्यात होतात तशा बदल्या, कारण न देता.

ही म्हणाली पिनेपर्यंतचा भाग आत्यांचा वाचलेलाच आहे, तो आधी का करताय. मी म्हटलं, पाया. ही म्हणाली, त्यांच्याकडे पाया ऐकायला वेळ नाही. मी स्वेटरांतून ऐकू येत नाही असं दाखवलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आत्याने आज विचारलं, बब्या, ही दुसरी आवृत्ती आहे का रे? मी विचारलं, का? म्हणाली, काही नाही, माझे डोळे गेले तेवढ्यात हा मालक फारच सुधारला.

वा! म्हणजे फरक जाणवतोय. श्रोत्यापर्यंत पोचणं यालाच म्हणतात.

मग म्हणाली, जुना जरा खडूस होता, पण मला त्याची काळजी लागून राहिली होती. या नव्याची काही काळजी वाटत नाही, त्याचं सगळं छानच होणार. आणि प्रकरण संपायच्या आत भिंतीकडे तोंड करून झोपली. वयोमानाप्रमाणे थकवा येतो.

ऑफिस: एका तरुणाची बॅग सापडली होती. द्यायच्या आधी आतल्या वस्तूंची नावं सांगायला लावली. नियमच आहे. तो म्हणाला, जेवणाचा डबा. मी विचारलं, डब्यात काय? म्हणाला, काल काय होतं ते आज कसं आठवणार? मी म्हटलं, स्वतःचं जेवण आठवत नाही आणि बॅग आठवते! शेवटी दिली. माझ्यासारखा माणूस होता म्हणून दिली. शेजारच्या खिडकीतली पासवाली (ती बसचे पास करून देते) माझ्याकडे बघून मान हलवत होती. कौतुकाने.

१४ सप्टेंबर, रविवार

घरात वादळ.

हिने कादंबरी वाचली. बसमध्ये येता-जाता, मला न विचारता. वर माझं रेकॉर्डिंगही ऐकलं. म्हणे, हे काय केलंय? पुस्तकात एक ओळ अशी नाही. मी म्हटलं, सूक्ष्म संपादन. ही म्हणाली, सूक्ष्म? कुत्र्याच्या बारशापर्यंत गेलात तुम्ही. (ते खरं. पाचव्या प्रकरणात कुत्र्याला नाव ठेवलं. मला सुचत गेलं.)

मग आवाज खाली आणून म्हणाली, आत्यांना तोच माणूस हवाय, आहे तसा. मी विचारलं, असला माणूस कुणाला हवा असेल? ही माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग भांडी घासायला गेली.

हिचा मुद्दा मला कळलेला नाही.

तरी संकल्प: उद्यापासून रोज दोन प्रकरणं. चौदा दिवस उरलेत, आणि मी अजून पिनेच्या अलीकडे आहे, हे मान्य.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आवाज गेला.

कारण: सौजन्य. एका गृहस्थांना त्यांचा एक बूट सापडलाय हे सांगत होतो. एकच बूट. त्यांचं म्हणणं, दुसराही इथेच असणार. माझं म्हणणं, दोन्ही पायांचं सामान आम्ही एकत्र ठेवतो. हे त्यांना शांतपणे पटवून देण्यात पाऊण तास गेला. डेपो मॅनेजर वरच्या मजल्यावरून खाली आले, इतकं ते सगळ्यांना पटलं. शेवटी दुसरा बूट त्यांच्या बॅगेतच निघाला. निघताना माझा आवाज त्यांच्याबरोबर गेला.

डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मी खुणेने विचारलं, कुजबुज? म्हणाले, कुजबुज तर मुळीच नाही. ही शेजारीच उभी होती. चेहरा गंभीर ठेवायचा तिने बराच प्रयत्न केला.

आत्याचं पुढचं वाचन हिने घेतलं. थेट पिनेपासून, आठव्या प्रकरणापासून. मी पाटीवर लिहून दिलं: तात्पुरती व्यवस्था.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसात पाटी-खडू घेऊन बसतो. लिहायला वेळ लागतो म्हणून मोजकं लिहितो. "बसा." "शोधतो." "हीच का?" दिवसभरात एकही भांडण नाही. एका आजोबांना काठी परत दिली तर त्यांनी खिडकीतून हात घालून माझा हात दाबला. पासवाली म्हणाली, देव करो आणि तुमचा घसा असाच राहो. चेष्टेखोर बाई आहे.

घरी आलो तर आत्याच्या खोलीतून हसू ऐकू आलं. आत्याचं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. दारात जाऊन उभा राहिलो तर ही एकदम थांबली. म्हणाली, चहा ठेवू का? आत्या पदराने तोंड पुसत होती. मला कुणी काही सांगितलं नाही.

हिला कपाट लागत नाही म्हणे. पलंगावर बसून वाचते, फोन उशीवर ठेवते. तंत्र शून्य.

२० सप्टेंबर, शनिवार

हसणं रोजचंच झालंय. बंद दाराआडून. मला आत घेत नाहीत. ही म्हणते, तुम्ही समोर बसलात की मला वाचता येत नाही. माझा दबाव येत असणार. जाणकारासमोर कुणीही बिचकतं.

आत्या जेवताना आता मालकाविषयीच बोलते. त्याचा डावा कान बहिणीकडे राहायला गेला, आणि हा तिथे जाऊन कानाशीच भांडला. हे सांगताना तिला घास गिळवेना. जेवण वाढलंय तिचं. मला आनंद झाला. आनंद झाला असं इथे लिहितोय खरं. मीही तिच्यासाठीच कपाटात बसलो होतो. पाठ अजून दुखतेय.

२२ सप्टेंबर, सोमवार

हिच्या फोनवरून नववं प्रकरण माझ्या फोनवर घेतलं. (ही आंघोळीला गेली असताना. घरात लपवाछपवी मला चालत नाही.) बसमध्ये ऐकलं.

कबूल करतो, थक्क झालो. बाकी सगळे हिच्या साध्या आवाजात. पण मालक! मालक बोलायच्या आधी नाकाने एक श्वास सोडतो. मग हं, बोला, असं म्हणतो, पण ते ऐकून समोरच्याला बोलायची इच्छाच राहू नये. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरासा घसा खाकरतो, जणू निकाल लागला. इतका नकोसा माणूस मी आयुष्यात ऐकला नाही. मला बसमध्ये राग आला त्याचा. खिडकीबाहेर बघायला लागलो.

हिने हा नमुना कुठून उचलला असेल? खूप विचार केला. हिचा मोठा भाऊ! शंकाच नको. दरवेळी जेवताना माझी वाक्यं तोडतो.

दुपारच्या सुट्टीत पासवालीला ऐकवलं. पाटीवर लिहिलं, ओळखा कोण, आणि खाली लिहिलं, मेहुणा. तिने हं, बोला एवढंच ऐकलं आणि चहा नाकातून आला तिच्या. टेबलावर डोकं ठेवून हसली. मग म्हणाली, अहो, तुम्हीच आहात हे. खाकरण्यासकट.

मी पाटीवर लिहिलं: छे.

तिने शिपायाला हाक मारली. शिपायाने ऐकलं. बुकिंगवाल्याने ऐकलं. डेपो मॅनेजरांनी दुसऱ्यांदा ऐकायला मागितलं. एकाचंही दुमत नाही. यांच्यापैकी कुणीही मेहुण्याला भेटलेलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आवाज परत आला. डॉक्टर म्हणाले, जपून वापरा. पहिलं वाक्य हिलाच विचारलं. आधी नाकाने श्वास सोडला. सोडल्यावर ऐकू आला.

ही रागावलेली नव्हती. म्हणाली, त्या मालकाला आवाज हवा होता, मी घरात नजर फिरवली तर एक इथेच पडलेला होता. मी विचारलं, मी असा बोलतो? ही म्हणाली, माझ्याशी कमी बोलता, खिडकीवर जास्त. असं म्हणून थोडी हसली, पण मला काही बरं वाटलं नाही. ते लिहून ठेवतो.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. तक्रार करायलाच गेलो होतो. ती म्हणाली, पहिल्याच वाक्याला ओळखलं रे, पण मला तू नाही आठवलास, तुझा बाप आठवला. अण्णा घरात शिरला की सगळे पानावरून उठून निघून जायचे. तुझी आजी, काका, सगळे. मी एकटी बसून राहायचे आणि तो मला बोलत राहायचा, जेवण होईपर्यंत. लोक मला वेडी म्हणायचे. पण मला आवडायचा तो. म्हणून हे पुस्तक घेतलं. असल्या माणसाचं शेवटी काय होतं ते मला एकदा बघायचंय. आणि तू तर त्याला पाणी वाटायला लावलंस.

मी म्हटलं, मला वाटलं तुला वाईट वाटेल. ती म्हणाली, मला तुझंच वाईट वाटत होतं, कपाटात बसून गोड बोलायचं म्हणजे किती कष्ट.

उठताना तिने माझ्या डोक्यावर हात फिरवायला हात पुढे केला, तो कानावर पडला. मी तसाच राहू दिला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तेरा प्रकरणं संपली. आत्याच्या कानात सगळं गेलंय, फक्त शेवटचं उरलंय. मालकाचं घरही गेलंय. तो मोकळ्या जमिनीवर बसलाय.

शेवटचं प्रकरण मीच वाचणार, असं सांगितलं. समोरासमोर, रविवारी सकाळी, फोन चालू ठेवून. ही आधी नाही म्हणाली. मग आत्या म्हणाली, वाचू दे त्याला. ही म्हणाली, शब्द न शब्द जसाच्या तसा? मी वचन दिलं.

वचन दिलं, पण मनात शेवट तयार आहे. पुस्तकातला शेवट मी वाचला, अगदीच रूक्ष. माझ्यात मालकाला पश्चात्ताप होतो. खुर्ची, टेबल, जिना, सावली, कान, सगळे रांगेने परत येतात. तो प्रत्येकाची माफी मागतो. आत्या तिकडे परक्या घरी जाणार, जाताना काही चांगलं ऐकून जावं. कागदावर उतरवून पुस्तकात ठेवलाय. आवाजाचा सरावही केला: मऊ, जरा कंप असलेला.

आत्याने मंगळवारी जे सांगितलं ते समजलंय मला. पण समजणं वेगळं आणि शेवटच्या दिवशी एका म्हातारीला शेवटपर्यंत खेकसणारा माणूस ऐकवणं वेगळं.

२८ सप्टेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर स्वतःलाच खरं वाटणार नाही.

आतेभाऊ काल आला. टॅक्सी साडेअकराची ठरली होती. दहा वाजता आत्याला बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसवलं. ही, आतेभाऊ, सगळे बसले. मी फोन चालू केला, पुस्तक मांडीवर घेतलं, कागद हाताखाली. घसा साफ केला. मऊ आवाज काढायला तोंड उघडलं आणि खाली हॉर्न.

टॅक्सी. दीड तास आधी.

मी गॅलरीत गेलो. ड्रायव्हर खालूनच ओरडला, लवकर या, मला पुढचं भाडं आहे. तोवर तो वर आला आणि दारातली आत्याची जुनी पेटी उचलून जिन्याच्या कठड्यावर आपटली. पेटीचा कोपरा उडाला.

मग मला आठवत नाही. म्हणजे आठवतं. नाकाने श्वास सोडला. म्हणालो, हं, बोला. कुणी सांगितलं तुम्हाला हात लावायला? वेळ दिलेली कळत नाही आणि भाडी दोन-दोन घेता! ती पेटी काय तुमच्या वडिलांनी बांधलीय आपटायला? खाली ठेवा. अशी नाही. जशी होती तशी. आता तिची माफी मागा. माझी नको, पेटीची. आणि उभे का आहात? जायचं तर जा, पण जाण्याआधी तो कोपरा उचलून ठेवा. आणखीही बरंच. शेवटी खाकरलो.

खोलीतून टाळ्या आल्या. आत्याच्या. खुर्चीत सरळ बसली होती, हात वर करून टाळ्या वाजवत होती. म्हणाली, वा, बब्या, वा! हाच तो! आता कसा जमला! घराशिवाय उन्हात बसलाय आणि पेटीला माफी मागायला लावतोय! पुढे वाच, थांबू नकोस.

ही भिंतीकडे बघत होती. खांदे हलत होते. आतेभाऊ छताकडे. ड्रायव्हर पेटी कवटाळून दारात उभा, त्याला काहीच कळेना.

मी वाचायला सुरुवातसुद्धा केली नव्हती.

हे सांगायला तोंड उघडलं. पण आत्याचा चेहरा असा उजळला होता की ते सांगायचं सोडून दिलं. पुस्तक उघडलं. कागद खाली पडला. उचलायला वाकलो असतो तर ती थांबली असती. मऊ आवाज शोधला, तो आलाच नाही. जो आवाज चालू होता त्याच आवाजात छापलेलं वाचलं, शब्द न शब्द.

मालक मोकळ्या जमिनीवर बसलाय. सकाळपासून कुणी आलं नाही. दुपारी एक चमचा येतो. गेलेल्या सगळ्यांतला फक्त एक, स्वयंपाकघरातला. मालक त्याला म्हणतो, आत्ता उगवलास? तोही एकटा? आणि हा डाग कसला, कुठे तोंड घातलं होतंस? वाटी कुठाय? तिला सांग, आली तर याद राख. चमचा काही बोलत नाही. त्याच्या तळहातावर येऊन पडतो. मालक ऊन उतरेपर्यंत त्याला बोलत राहतो आणि चमचा थांबतो. संपलं. एवढाच शेवट.

आत्या वाटीपाशी हसायला लागली ती थांबेना. मग हसतहसतच रडली. म्हणाली, थांबला ना? मी म्हटलं, हो. म्हणाली, बरं झालं, मला भीती होती कुणीच येणार नाही. मग ड्रायव्हरला म्हणाली, चला हो, झालं माझं.

मी पेटी स्वतः खाली नेली. ड्रायव्हरला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, काही नाही साहेब, वाचता मस्त. टॅक्सी वळली. ही माझ्याजवळ उभी होती. मला फार रडू आलं आणि मी रडलो, तिथेच, फुटपाथवर.

फोन चालूच राहिला होता. पेटीचं सगळं त्यात आलंय. ही म्हणाली, ते कापून पाठवू या का? आत्याने निघताना बजावलं होतं, एक अक्षर कापायचं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आत्याचा फोन. नीट पोचली. चौदावं प्रकरण पुन्हा पुन्हा ऐकते, विशेषतः पेटीचा भाग, तो लेखकाने फार उत्तम लिहिलाय म्हणाली. मी श्रेय लेखकाकडेच राहू दिलं. नातवंडांनाही लावून दाखवला. त्यांना शब्द कळत नाहीत तरी पोट धरून हसली म्हणे. विचारत होती, हा कोण माणूस आहे?

आत्याने सांगितलं, हा तुमचा काका.

कादंबरीतला मालक आहे म्हणून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं!